एमआरआय नॉर्मल आला, तरी झटके का येतात? मिरगीचा उगम मेंदूत कसा शोधतात

"डॉक्टरसाहेब, एमआरआय तं नॉर्मल हाय म्हणते, मंग पोरीले झटके काहून येतात?"

अमरावती-अकोल्याकडच्या मेंदूविकाराच्या ओपीडीत हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या हातात कापडी पिशवी असते. पिशवीत चार-पाच वर्षांच्या फिल्म्स, ईईजीचे कागद आणि गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स. प्रश्न रास्त आहे. एवढा खर्च केला, अर्धा तास त्या बोगद्यात पोरीला झोपवले, आणि रिपोर्टवर एकच ओळ आली की मेंदूत काही दोष दिसत नाही.

एमआरआय हा मेंदूच्या रचनेचा फोटो असतो. झटका ही मेंदूतल्या विजेची घटना आहे. भिंतीच्या आत एखादी वायर जळाली असेल, तर भिंतीचा फोटो काढून ती दिसेलच असे नाही. पण गोष्ट इथेच संपत नाही. कित्येकदा दोष फोटोत दिसण्यासारखा असतो, फक्त फोटो त्या कामासाठी काढलेला नसतो, किंवा तो बघणाऱ्याला नेमके काय शोधायचे ते कुणी सांगितलेले नसते.

झटका कुठून सुरू होतो, हे तो दिसतो कसा यावरून कळते

मिरगी, फेफरे, आकडी, फिट, झटके अशी नावे घरोघरी वेगळी आहेत. वैद्यकीय भाषेत या आजाराला अपस्मार म्हणतात. ढोबळमानाने त्याचे दोन प्रकार. एकात मेंदूच्या दोन्ही बाजू एकदम पेटतात. दुसऱ्यात मेंदूच्या एका ठिकाणाहून सुरुवात होते आणि मग ती विजेची लाट पसरते. या दुसऱ्या प्रकाराला फोकल अपस्मार म्हणतात, आणि उगम शोधण्याचा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे.

उदाहरणासाठी दर्यापूरकडची बावीस वर्षांची एक मुलगी डोळ्यासमोर आणा. ही कुणी एक रुग्ण नाही, अनेकांच्या हकिकती जोडून मी ती उभी केली आहे. वर्षाची असताना तापात तिला अर्धा तास झटका आला होता. पुढे कित्येक वर्षे काहीच नाही. अकरावीपासून मात्र महिन्यातून तीन-चार वेळा तिच्या पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे होते. ती एकदम गप्प होते, टक लावून बघते, तोंडाने चघळल्यासारखे करते. उजवा हात ओढणी चाचपडत राहतो, डावा हात ताठ होऊन वाकडा होतो. मिनिटभराने ती भानावर येते आणि लगेच नीट बोलू लागते. घरच्यांना आधी ते 'बाहेरचे' वाटले, म्हणून गंडेदोरे झाले. कुणी हातात लोखंडाची किल्ली दिली, कुणी कांदा हुंगवला. मग डॉक्टर झाले, दोन वेगवेगळी औषधे पूर्ण मात्रेत झाली. झटके कमी झाले, थांबले नाहीत.

ही हकिकत ऐकून मेंदूविकारतज्ज्ञाच्या मनात एक जागा तयार होते: कानाच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग, टेम्पोरल लोब, आणि तोही बहुधा उजवा. पोटातून वर चढणे आणि चघळणे हे त्या भागाचे लक्षण. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, म्हणून वाकडा होणारा डावा हात उजवीकडे बोट दाखवतो. भाषेचे केंद्र बहुतेकांमध्ये डावीकडे असते. ही मुलगी लगेच बोलते, म्हणजे डावा भाग बहुधा सुटला आहे. दुसऱ्या कुणाला डोळ्यांपुढे रंगीत गोळे दिसतात, तेव्हा संशय डोक्याच्या मागच्या भागावर जातो. कुणाचा आधी अंगठा उडतो, मग हात, मग तोंडाचा कोपरा. झटक्याच्या अशा पसरण्यावरून मेंदूतील जागा ओळखता येते, हे इंग्लंडमधल्या जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, तेव्हा क्ष-किरणही सापडले नव्हते. झोपेत अचानक सायकल मारल्यासारखे पाय हलवणे, ओरडणे, अंथरुणातून उठून धावणे हे पुष्कळदा कपाळामागच्या भागातून येते आणि त्याला हमखास वेड किंवा भूतबाधा समजले जाते.

म्हणून माझ्या मते या तपासातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचे 'इमेजिंग' तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. झटका आला की आधी रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. दुसऱ्या कुणीतरी व्हिडिओ काढावा. चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्या, पांघरूण काढा. नाव विचारा, एखादा शब्द सांगून तो लक्षात ठेवायला सांगा. झटका संपल्यावरही दोन मिनिटे व्हिडिओ चालू ठेवा, कारण एखादा हात काही वेळ लुळा पडणे किंवा बोलता न येणे हेही बाजू सांगते. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर व्हिडिओ सोडून दवाखाना गाठा.

लग्नाच्या वयात आलेल्या मुलीच्या बाबतीत घरचे हे सगळे लपवतात, जुन्या फिल्म्ससुद्धा जाळून टाकतात. भीती समजते. पण हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार हे कारण १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकले आहे. आणि जाळलेली फिल्म परत मिळत नाही. पाच वर्षांपूर्वीचा डाग तसाच आहे की वाढला, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

सीटी स्कॅन, आणि 'मेंदूत किडा'

आपल्याकडे पहिला झटका बहुधा रात्री येतो, गाडी करून शहरातल्या दवाखान्यात नेतात आणि तिथे आधी सीटी स्कॅन होतो. त्यात चूक काही नाही. रक्तस्राव, मोठी गाठ, खड्यासारखा झालेला जुना डाग सीटीत पटकन दिसतो आणि काम पाच मिनिटांत होते.

सीटीत अनेकदा एक लहान गोल अंगठी दिसते. कारण पुष्कळदा न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन त्यातली अळी मेंदूत पोचणे. "आम्ही माळकरी, अंडंही खात नाही, मग किडा कसा?" असे विचारणारे पुष्कळ. डुकराचे अर्धकच्चे मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतली अळी मात्र त्या कृमीच्या अंड्यांपासून होते, आणि अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात: न धुतलेल्या कोथिंबिरीवरून, पाण्यातून, हातांवरून. म्हणून शाकाहारी माणसालाही हा आजार होतो.

क्षयरोगाची गाठही अशीच अंगठीसारखी दिसते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये या लहान गाठींचा बारकाईने अभ्यास झाला. २० मिलिमीटरपेक्षा लहान, आजूबाजूला फार ढकलाढकल न करणारी एकच गाठ बहुधा अळीची असते आणि पुष्कळदा काही महिन्यांत विरून जाते. त्यामुळे अशी गाठ दिसली की ऑपरेशनची घाई नको; डॉक्टर झटक्याची गोळी सुरू करतात, गरज वाटल्यास कृमीचे औषध देतात आणि काही महिन्यांनी स्कॅन पुन्हा बघतात. काहींमध्ये मागे खड्यासारखा डाग राहतो आणि तोच पुढे झटक्यांचा उगम ठरू शकतो. अशा वेळी उगम शोधायला फार दूर जावे लागत नाही.

तोच एमआरआय, पण वेगळा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोकेदुखीसाठी करतात तो साधा एमआरआय मेंदूचे साधारण पाच मिलिमीटर जाडीचे काप काढतो, मध्ये थोडी जागाही सोडतो. ज्या डागामुळे झटके येतात तो कधी कधी तुरीच्या दाण्याएवढा असतो. दोन कापांच्या मधे तो सहज निसटतो.

जर्मनीतल्या बॉन शहरातल्या डॉक्टरांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराच्या १२३ रुग्णांचे एमआरआय त्यांनी ताडून पाहिले. साधा एमआरआय नेहमीच्या पद्धतीने वाचला तेव्हा दोष असलेल्यांपैकी ३९ टक्क्यांमध्येच तो सापडला. त्याच फिल्म्स अपस्मारात मुरलेल्या तज्ज्ञांनी वाचल्यावर ५० टक्के. आणि अपस्मारासाठी खास ठरवलेल्या पद्धतीने एमआरआय करून तज्ज्ञांनी वाचला तेव्हा ९१ टक्के. रुग्ण तेच, मेंदू तेच. यंत्रे पुढे गेली असली, तरी या अभ्यासाने दाखवलेली गोम आजही लागू आहे.

ही खास पद्धत म्हणजे एपिलेप्सी प्रोटोकॉल. जगभरातल्या अपस्मार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये तिची किमान यादी ठरवून दिली. त्यात सुमारे एक मिलिमीटरचे, मध्ये जागा न सोडणारे काप, फ्लेअर नावाची डाग उजळ दाखवणारी पद्धत, आणि हिप्पोकॅम्पसला काटकोनात घेतलेले बारीक काप येतात. तीन टेस्लाचे यंत्र मिळाले तर उत्तम. पण चांगला प्रोटोकॉल लावलेले दीड टेस्लाचे यंत्र हे घाईत वापरलेल्या तीन टेस्लापेक्षा बरे, असे माझे मत आहे. म्हणून एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसते 'झटके' असे लिहून न घेता, डॉक्टरांना 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' आणि संशय कोणत्या बाजूचा, कोणत्या भागाचा, हे लिहायची विनंती करा. वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टला त्या दोन ओळींनी फार मदत होते.

यात काय सापडते? मोठ्यांमध्ये अनेकदा हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस. हिप्पोकॅम्पस हा आठवणी साठवण्याच्या कामातला, समुद्रघोड्याच्या आकाराचा लहानसा भाग. नावही ग्रीक भाषेतल्या समुद्रघोड्यावरूनच आले आहे. तो सुकतो, आक्रसतो आणि फ्लेअरवर उजळ दिसतो. आपल्या दर्यापूरच्या मुलीच्या पहिल्या दोन एमआरआयमध्ये तो दिसला नाही, तिसऱ्यात दिसला: उजवा हिप्पोकॅम्पस लहान आणि उजळ. बाळपणी तापात आलेला लांबलेला झटका अशा अनेकांच्या इतिहासात सापडतो.

मुलांमध्ये अधिक करून सापडतो तो फोकल कॉर्टिकल डिसप्लेसिया. गर्भात मेंदू घडताना एका जागी पेशींची मांडणी चुकते. फोटोत कधी फक्त करडा आणि पांढरा भाग यांच्यामधली रेघ थोडी पुसट दिसते, तीही एखाद्या घडीच्या तळाशी. हा सर्वांत हुकणारा दोष. याशिवाय जन्मतः बाळ न रडल्याने झालेला व्रण, अपघाताचा डाग, रक्तवाहिन्यांचा लहान झुबका, हळू वाढणारी साधी गाठ हीही कारणे सापडतात.

उलटी चूकही होते. रिपोर्टमध्ये पाण्याची एखादी लहान गाठ लिहून येते आणि घरचे तीच काढून टाका म्हणून मागे लागतात. निरोगी माणसांच्या मेंदूतही अशा गोष्टी सापडतात. डाग डावीकडे आणि झटका उजवीकडून सुरू होत असेल, तर तो डाग गुन्हेगार नाही. हकिकत, ईईजी आणि फोटो ही तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात तेव्हाच उगम सापडला म्हणायचे.

हे सगळे कुणी करायचे?

सगळ्यांनी नाही. सकाळी उठल्यावर हातातला चहाचा कप उडतो, जागरण झाले की मोठा झटका येतो, अशा तरुण मुलामुलींचा आजार बहुधा दोन्ही बाजूंनी एकदम सुरू होणारा असतो. त्यात एमआरआय नॉर्मलच यायला हवा आणि योग्य गोळीने बहुतेकांचे झटके थांबतात. त्यांनी दर वर्षी नवा एमआरआय करून पैसे घालवू नयेत.

फोकल झटक्यांत मात्र योग्य निवडलेली दोन औषधे, पुरेशा मात्रेत, न चुकता घेऊनही झटके चालू असतील, तर आजार औषधाला दाद देत नाही असे धरतात. ही व्याख्या २०१० पासून जगभर मान्य आहे. तिच्यामागे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा २००० सालचा अभ्यास आहे: ४७ टक्के रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांचे, आणि तिसऱ्या औषधाने किंवा दोन औषधे एकत्र देऊन जेमतेम ४ टक्क्यांचे. तरीही आपल्याकडे लोक पाचवी-सहावी गोळी बदलत दहा-पंधरा वर्षे काढतात. त्या वर्षांत शाळा सुटते, विहिरीवर किंवा चुलीपाशी अपघात होतात, आणि अधूनमधून कुणी झोपेतच जातो. एमआरआय नॉर्मल आहे म्हणून हा रस्ता बंद झाला, असे समजून थांबलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

फोटोत काहीच दिसले नाही तर

मग विजेचा माग काढायचा. साधा ईईजी अर्ध्या तासाचा असतो आणि त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असला तर तो नॉर्मल येतो. झोपेतला ईईजी जास्त सांगतो. त्याच्या पुढची पायरी व्हिडिओ ईईजी. रुग्णाला काही दिवस वॉर्डात ठेवतात, डोक्याला तारा, समोर कॅमेरा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करतात आणि झटका यायची वाट बघतात. औषध मुद्दाम कमी करण्याची ही एकच जागा. एमआरआय किंवा साध्या ईईजीच्या दिवशी घरून गोळी बंद करून येऊ नका.

पेट स्कॅनमध्ये साखरेला किरणोत्सारी खूण लावून ती शिरेतून देतात. झटका नसताना उगमाची जागा आळसावलेली असते, साखर कमी खाते, म्हणून चित्रात फिकट दिसते. यासाठी काही तास उपाशी राहावे लागते, त्यामुळे मधुमेह असेल तर आधी सांगा. स्पेक्टचे तंत्र उलटे आहे. झटका सुरू होताच, शक्यतो अर्ध्या मिनिटाच्या आत, इंजेक्शन देतात. झटक्यात त्या जागी रक्त धावते, औषध तिथे अडकून राहते आणि नंतर निवांत काढलेल्या फोटोत ती जागा उजळ दिसते. नर्स सिरिंज घेऊन दिवसभर खाटेशेजारी बसलेली असते. खरे कौशल्य तिचे. मेंदूचे सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारे एमईजी यंत्र देशात मोजक्या ठिकाणी आहे, त्यातले एक बंगळुरूच्या निम्हान्समध्ये.

फंक्शनल एमआरआय उगम शोधत नाही. वाचवायचे काय ते दाखवतो. यंत्रात झोपवून रुग्णाला मनात शब्द म्हणायला लावतात, बोटे हलवायला लावतात, आणि भाषेची, हाताची जागा चित्रात उजळते. परराज्यात ही तपासणी होत असेल, तर रुग्णाला कोणती भाषा येते ते आधीच सांगा. घरी कोरकू बोलणाऱ्या मेळघाटातल्या मुलाला हिंदी शब्द देऊन काढलेल्या चित्रावर विसंबता येत नाही. इतक्यावरही चित्र जुळले नाही, तर कवटीला बारीक छिद्रे पाडून मेंदूत केसासारख्या इलेक्ट्रोड्स सोडतात आणि आतूनच नोंद घेतात. ही पायरी थोड्याच रुग्णांना लागते.

उगम सापडला आणि तो भाषा, हात, नजर यांच्या जागेपासून दूर असला, तर ऑपरेशनचा विचार होतो. हे नवे किंवा प्रायोगिक नाही. भारतातले असे पहिले ऑपरेशन वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी १९५२ मध्ये केले, एमआरआय नव्हता तेव्हा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये १९९५ पासून यासाठी स्वतंत्र कार्यक्रम चालतो, आणि आज मुंबईच्या केईएमसारख्या सरकारी रुग्णालयातही ही सोय आहे. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले झटकामुक्त होती, फक्त औषधांवर राहिलेल्यांपैकी ७ टक्के. ऑपरेशनला धोके आहेत: स्मरणशक्ती, नजरेचा एखादा कोपरा, कधी हाताची ताकद. म्हणूनच आधी एवढा शोध. नीट तपासणीनंतर "तुमचे ऑपरेशन करू नये" हे उत्तरही मिळू शकते, आणि ते उत्तरही कामाचे असते.

जाण्यापूर्वी

एमआरआयला किरणोत्सर्ग नसतो, आवाज मात्र मोठा असतो. मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसांतल्या पिना काढून ठेवा. पेसमेकर, कानातले यंत्र किंवा हाडात बसवलेली पट्टी असेल तर आधी सांगा. यंत्रात झटका आला तर तंत्रज्ञ लगेच टेबल बाहेर घेतात. लहान मुलांना झोपेचे औषध द्यावे लागते, तेव्हा उपाशी किती वेळ ठेवायचे ते विचारा. ईईजीच्या आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या तपासण्या आणि ऑपरेशन बसते का, हे ज्या रुग्णालयात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला निघण्याआधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. नुसते रिपोर्ट नेऊ नका. फिल्म्स आणि सीडी न्या, कारण मोठ्या केंद्रातले डॉक्टर चित्रे स्वतः नव्याने वाचतात. आजवर घेतलेली प्रत्येक गोळी, तिची मात्रा आणि ती का बंद केली, हे एका कागदावर लिहा. झटक्यांच्या तारखा कालदर्शिकेवर खुणा करून ठेवल्या असतील, तर ती कालदर्शिकाच घेऊन जा. मोबाइलमधला व्हिडिओ दुसऱ्या फोनवरही टाकून ठेवा. आणि अमरावतीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघत असाल, तर रुग्णासाठी खालचा बर्थ घ्या आणि रात्रीची गोळी सामानात नको, खिशात ठेवा.